दुखण्याची भिशी

माणूस सुखाचं बोलताना हात आखडता घेतो. पोराला नोकरी लागली तर "लागली आपली कुठंतरी" एवढंच सांगतो. दुखण्याचं मात्र विचारून बघा! पार पहिल्या शिंकेपासून सुरुवात होते आणि मधे कोणता शेजारी काय म्हणाला तेही येतं. ज्या ऑफिसात माणसं दिवसभर हेच सांगायला येतात, तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. माझ्याकडं तर इतके साठलेत की घरी मी "ते हर्नियावाल्याचं तुम्हाला सांगितलं का" असं म्हणायचा अवकाश, सगळे एका सुरात "हो" म्हणतात. म्हणून आता तुम्हाला धरलंय.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी नागपूरच्या गोळीबार चौकातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होते. नाव पुकारायचं, मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायची, रडणारं पोर धरून ठेवायचं आणि शेवटी पैसे मागायचे. यातलं शेवटचं काम मला कधीच जमलं नाही. आजूबाजूला सगळी विणकरांची वस्ती. पावसाळ्यात सुताला लावलेली खळ वाळत नाही, म्हणून माग बंद. आणि घरोघरी ताप यायचा तोही नेमका तेव्हाच. मग माणसं पैशाऐवजी घरात जे असेल ते आणायची. घरात काय असणार? लुगडं. डॉक्टर भिडस्त, नाही म्हणता यायचं नाही. टायफॉइडचं एक लुगडं, बाळंतपणाची दोन, असं करत त्यांच्या घरातली कपाटं भरली. शेवटी एका दिवाळीला डॉक्टरांच्या बायकोनं हात जोडले.

"अहो, आता निदान एखाद्या सोनाराला तरी आजारी पाडा."

*

मी विचार करत राहिले. या लोकांकडं पैसे नसायचे असं नाही. दुखणं यायचं त्या महिन्यात नसायचे. आणि आमच्या गल्लीतल्या बायका तर भिशी चालवण्यात पटाईत. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचा नंबर लागेल तिनं सगळे उचलायचे. भांड्यांची भिशी होती, सोन्याची होती, उन्हाळ्याच्या आधी कूलरचीसुद्धा होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, "दुखण्याची का नको? सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं. चिठ्ठी आपण काढायची नाही, ती देव काढेल. जो आजारी पडेल त्याचा नंबर."

डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, "चालेल. पण चालवायची तू."

त्यांनी दवाखान्याशेजारची खोली दिली आणि हौसेनं पाटी रंगवून घेतली, 'परस्पर आरोग्य साहाय्य मंडळ'. ते नाव पाटीच्या बाहेर कधी पडलंच नाही. सगळे 'दुखण्याची भिशी' म्हणायचे, पोस्टमनसुद्धा. आणि मी कुमुदची 'बाई' झाले.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. भिशीला बँक नसते, कोर्ट नसतं. भिशी चालते ती जिच्या नावानं आहे त्या बाईच्या भरवशावर. ती बाई गेली, नाहीतर तिचा भरवसा उडाला, की लोक आपापले पैसे काढतात आणि भिशी मोडते. यात कोणाचा दोष नसतो, रीतच तशी आहे. तेव्हा मी चांगली धडधाकट होते, त्यामुळं या रीतीचा मी फारसा विचार केला नाही.

*

पहिलं वर्ष संपलं आणि महादेवराव आले. तालमीत कमावलेलं शरीर, दारातून तिरकेच आत यायचे.

"बाई, माहा नंबर कधी लागते?"

"कसला नंबर?"

"साल झालं. सगळ्यायचे नंबर लागून राहिले. माहाच काहून नाही?"

"पण तुम्ही आजारी कुठं पडलात, महादेवराव?"

"मंग हा का माहा गुन्हा हाये?"

भिशी म्हटली की प्रत्येकाचा नंबर लागतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत. मी त्यांना समजावलं की आजारी न पडणं हेच नशीब. ते त्यांना पटलं नाही. सरळ डॉक्टरांकडं गेले आणि म्हणाले, नीट पाहा, काहीतरी निघेल. डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबलं, जीभ बघितली आणि पाठ थोपटून परत पाठवलं. महादेवराव तोंड पाडून माझ्याकडं आले.

"तुमचा डॉक्टर मन लावून तपासत नाही."

पुढच्या श्रावणात एक दिवस त्यांची बायको पेढ्यांचा पुडा घेऊन लगबगीनं आली. "बाई, तोंड गोड करा. लागला आमचा नंबर." बाहेर सायकलरिक्षात महादेवराव दोन घोंगड्यांत गुंडाळून बसले होते. दात वाजत होते, पण चेहऱ्यावर समाधान. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते.

"ताप किती आहे?" मी विचारलं.

"एकशे चार," बायको म्हणाली. "कमी नाही."

मी पेढा खाल्ला. मलेरियाचा पेढा खाल्लेली नागपुरात मी एकटीच असेन.

*

आमच्याकडं वसुलीला राधाबाई होती. तांडापेठेतली, घरी स्वतःचा माग, तोंडात तंबाखूची चिमूट, आणि जीभ अशी की भल्याभल्यांनी वाट बदलावी. वसुलीचे पैसे पदराच्या गाठीत बांधून आणायची. पर्स दिली तर तिनं त्यात तंबाखू ठेवला.

सावजी जेवणाची खानावळ चालवणारा एकजण आमच्यात मेंबर होता. राधाबाईनं भर मीटिंगमध्ये त्याला उभं केलं. "पोट जळते म्हनून येनारे अर्धे लोक तुह्या खानावळीतून येतात गा. तुह्या रश्श्यानं आमची भिशी रिकामी होऊन राहिली."

तो बिचारा गरीब माणूस. हात जोडून म्हणाला, "मंग बाई, रस्सा फिका करू का?"

मग मागून एक म्हातारा उठला. एरवी तो मीटिंगला फक्त चहासाठी यायचा. "फिका कायले करता? वर्गणी वाढवा न."

दर महिन्याची वर्गणी वाढवण्याचा ठराव मी आधी दोनदा मांडून हरले होते. त्या दिवशी तो एकमतानं पास झाला.

*

मग आम्ही मोठा बदल करायचा ठरवला. तोवर पद्धत अशी होती की माणसानं आधी दवाखान्यात पैसे भरायचे, पावती आणायची, मग आम्ही परत द्यायचो. पण ते आधीचे पैसे भरायला लोक घरातली पितळी भांडी गहाण टाकायचे. म्हणजे भिशी असून उपयोग काय? म्हणून ठरलं की आम्ही एक चिठ्ठी द्यायची. ती दाखवली की दवाखान्यानं उपचार करायचे आणि महिन्याच्या शेवटी बिल आमच्याकडं पाठवायचं. आज हे साधं वाटतं. तेव्हा दवाखानेवाले माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की जणू मी मंतरलेला अंगारा विकायला आलेय.

धरमपेठेत एक मोठं नर्सिंग होम होतं. तिथले डॉक्टर परदेशात शिकून आलेले. मी आणि राधाबाई गेलो. मी सगळं नीट समजावून सांगितलं, नियम दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते ठीक आहे. पण तुमच्यामागं बँक कोणती?"

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात राधाबाई म्हणाली, "बँक नाही जी. बायका हायेत."

"म्हणजे?"

"एखादीनं पैसे नाही टाकले तं बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. काई बोलत नाही. नुसत्या बसतात. भाजी बी तिथंच निवडतात."

डॉक्टर हसले. "आणि माझं बिल तुम्ही दिलं नाहीत तर?"

"तं तुमी माह्या दारात बसजा."

"बरं. आणि मी बिल फुगवलं तर?"

राधाबाईनं मान वळवून बाहेरचा व्हरांडा बघितला. चांगला लांबरुंद, वाळ्याच्या ताट्या लावलेला, गार फरशीचा.

"तुमची ओसरी मोठी हाये जी," ती म्हणाली. "पन्नासेक आरामात बसतीन."

त्यांनी सही केली.

*

चिठ्ठ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत त्या नर्सिंग होममधून शेजारच्या औषधाच्या दुकानात आमच्यासाठी फोन आला. सिस्टर बोलत होती. "तुमच्या पार्वतीबाई काल ॲडमिट झाल्या, हर्नियाचं ऑपरेशनही झालं. पण बाई, त्यांना मिशा आहेत."

मी रिक्षा करून गेले. पुरुषांच्या वॉर्डात शामराव झोपलेले. हे पार्वतीबाईंचे दीर. खाटेला पाटी पार्वतीबाईंच्या नावाची. मी तोंड उघडणार तोच सिस्टर आली आणि म्हणाली, "पार्वतीबाई, गोळी." शामराव म्हणाले, "हाव, द्या."

"शामराव, हा काय प्रकार?"

"वहिनीनं मले नंबर देला न बाई. तिले यंदा काईच झालं नाही. वाया जाऊन राहिला होता."

त्यांची चूक म्हणावी तरी कशी? भिशीत नंबर देणं चालतंच. कुणाच्या पोरीचं लग्न निघालं की ज्याचा नंबर आहे तो म्हणतो, घे बाबा, माझा तू घे. वहिनीनं तेच केलं होतं, आणि वर त्याला डबाही पाठवला होता. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, "हर्निया पार्वतीबाईंचाच होता असं समजा. तो आता परत बसवता येत नाही."

मीटिंगमध्ये ठरलं की बिल द्यायचं, मात्र यंदा पार्वतीबाईंना काही मिळणार नाही. बाईनं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. मीटिंगमध्ये खोकला आला की सगळ्यांकडं बघून सांगायची, "पान्याचा ठसका हाये. आजार नाही." एकदा तिचा पाय मुरगळला. ऑफिससमोरून लंगडत चालली होती. मी दारातून हाक मारली, "काय झालं हो पायाला?"

"काई नाही. चालच तशी हाये माही," ती म्हणाली आणि जमेल तितक्या जोरात निघून गेली.

*

असं सगळं रंगात आलेलं. पाच-सहा दवाखाने चिठ्ठी घेऊ लागलेले, शहराबाहेरची, कन्हानकडची माणसंही नव्यानं येऊ लागलेली. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दुखणे अंगावर काढू नका.' मी त्याच भिंतीला टेकून बसायचे आणि दुखणं अंगावर काढायचे. कारण सरळ होतं. भिशी पावतीवरून चिठ्ठीवर चाललेली, निम्म्या लोकांचा चिठ्ठीवर अजून पुरता विश्वास बसलेला नाही, आणि अशात बाईच आजारी म्हटल्यावर कोण थांबेल? मला भीती वाटत होती. म्हणून मी कुणाला बोलले नाही. घरी यांनासुद्धा नाही.

एक दिवस डॉक्टर ऑफिसात आले. मी टेबलाखाली पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. एप्रिल महिना होता. नागपूरच्या एप्रिलमध्ये शेकायला कोण बसतं? त्यांनी पिशवी बघितली, मग भिंत बघितली.

"वाचता येतं ना तुला?" एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी मला धरमपेठेत तपासणीला पाठवलं.

तिथं एक्स-रे काढणारा माझ्या चांगला ओळखीचा. आमच्या लोकांचे कितीतरी एक्स-रे त्यानं काढलेले. मला बघून खुर्ची पुढं केली.

"या बाई. पेशंट कुठाय?"

"मीच."

"हो हो, तुम्ही बसा. पेशंटला आत पाठवा."

"अहो, मीच पेशंट आहे."

"बाईंची थट्टा काही जात नाही," असं म्हणून त्यानं चहा मागवला. इतक्या प्रेमानं मागवला की मी तो प्याले. कप खाली ठेवल्यावर माझी चिठ्ठी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "बाई, ही तपासणी उपाशीपोटी करतात. उद्या या."

*

पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली आणि उत्तर वाईट आलं. त्या काळी कॅन्सर हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. डॉक्टर म्हणाले, "वेळेत निघालीय. आता रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील. बरी होशील असं मला वाटतं." त्यांना वाटतं यावर मी किती विसंबायचं ते मला कळेना. ते गेल्यावर मी तोंडावर चादर ओढून रडले. चांगली रडले.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, आमचीच मेंबर. ती थांबून राहिली. माझे हुंदके कमी झाल्यावर माझ्या चादरीचं टोक ओढलं.

"बाई, तुमचं रडनं झालं असंल तं हे एवढं पाहून देता का?"

भिशीकडं जायच्या आधी सहीला दिलेलं तिचं बिल होतं. मी डोळे पुसून बघितलं. एका ड्रेसिंगचे पैसे दोनदा लागले होते. सिस्टरला बोलावून ते कमी करवून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मला त्यानंच बरं वाटलं.

दुपारपर्यंत वॉर्डातल्या बाकी बायकांनीही आपापली बिलं माझ्या उशाशी आणून ठेवली.

*

माझे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर. अत्यंत सरळ माणूस, खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की यांना हाताला काहीतरी चाळा लागतो. हॉस्पिटलात यांनी संत्री आणलेली असायची.

मी विचारलं, "भिशी कशी चाललीय?"

"उत्तम," हे म्हणाले आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

"महिन्याची वसुली झाली?"

"झाली की." फोडींवरचे पांढरे धागेही काढू लागले.

"आणि कन्हानची माणसं?"

यांनी सगळी पिशवीच मांडीवर घेतली. "किती जणांनी पैसे काढले?" मी विचारलं.

"तू आधी हे खा," हे म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वसुलीच्या दिवशी राधाबाई माझ्यापाशी होती, म्हणून ऑफिसचं शटर खाली. कोणीतरी म्हणालं, बाई आता उठत नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी इकडं जरीपटका आणि तिकडं कन्हानपर्यंत पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी लोक पैसे काढायला आले. राधाबाईनं एकालाही अडवलं नाही. जो मागेल त्याला मोजून दिले. मी नंतर तिला विचारलं, जरा थांबवायचं तरी. ती म्हणाली, "एकाले थांबवलं असतं तं सगळेच आले असते. पैसे हायेत म्हटल्यावर अर्धे रस्त्यातूनच घरी जातात." ते बरोबरच होतं, पण उरलेले अर्धे किती दिवस थांबणार हे तिलाही सांगता येईना.

मला मरणाची भीती वाटत होती, कशाला खोटं सांगू. पण त्याहून जास्त या गोष्टीची वाटत होती. मी गेले तर हे कसेही दिवस काढतील, शाळा आहे, भाऊबंद आहेत. भिशी मोडली तर त्या पावसाळ्यात ताप येणारा माणूस परत काखेत लुगडं मारून दवाखान्याच्या पायरीवर उभा राहणार होता. झोप लागायची नाही. हे रोज येऊन "सगळं ठीक आहे" म्हणायचे आणि वॉर्डभर संत्री वाटली जायची.

*

शेक संपेपर्यंत माझी पार रया गेली. गाल बसले, डोळे खोल गेले, ब्लाउज खांद्यावर ठरेनात. आरशात बघितलं की मीच मला ओळखत नव्हते. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं होतं. पण पुढचा वसुलीचा दिवस आला आणि मला राहवेना. हे शाळेत गेल्यावर मी डोक्यावरून पदर घेतला, सायकलरिक्षा केली आणि गोळीबार चौकात आले.

चौकातूनच मला लाईन दिसली. आमच्या ऑफिसच्या दारापासून पिठाच्या गिरणीवरून पार कोपऱ्यापर्यंत. सगळ्या बायकाच, भर उन्हात उभ्या. मनात म्हटलं, संपलं. एवढ्यांनी काढल्यावर राधाबाईच्या पदरात काय राहणार? रिक्षातून उतरले खरी, पण दारापर्यंत गेले नाही. ज्यांचे पैसे होते त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की काढू नका? मी आपली लाईनीच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

पुढं एक जाडजूड बाई होती. तोंडओळखही नाही, नव्यानं आलेल्या कन्हानकडच्या लोकांतली असावी. तिच्याबरोबर एक तरुण, लाजरी बाई.

"ही लाईन पैसे काढायची का हो?" मी विचारलं.

"काढायची मागं झाली. ही टाकायची हाये."

"टाकायची?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की हिला एवढंही माहीत नाही. "भिशीतून मानूस गळलं का त्याच्या जागेवर दुसरं आना लागते न. नाईतं मोडते भिशी. तुमच्या इकडं नाही का तसं?"

आमच्या इकडंही तसंच होतं. सगळीकडंच तसं असतं. मधेच कोणी सोडलं, तर राहिलेल्यांनी त्याच्या जागी माणूस शोधून आणायचं.

"मग गळलं कोण?" मी विचारलं.

तिनं आवाज खाली आणला. "बाई. जिची भिशी हाये न, ती. भल्ली आजारी हाये म्हनतात. वाचते का नाही कोनाले ठाऊक. तिच्या जागेवर मी माह्या जाऊले आनलं." तिनं त्या तरुण बाईला जरा पुढं ढकललं.

मी लाईनीकडं नीट बघितलं. प्रत्येकीबरोबर एकेक नवी बाई होती. कोणाची बहीण, कोणाची सून, कोणाची शेजारीण असावी.

"आणि ह्या सगळ्या?"

"ह्या बी बाईच्याच जागेवर."

"एका बाईच्या जागेवर एवढ्या?"

"एकीनं भागते का वं?"

लाईन थोडी सरकली. तीही सरकली, मग वळून माझ्याकडं निरखून बघू लागली.

"तू कोनाच्या जागेवर आली?"

"बाईच्याच," मी म्हटलं.

"एकटीच? कोनी आनलं नाही तुले?"

मी मान हलवली.

"असू दे. राय माह्या मांगं. कोनी विचारलं तं मीनं आनलं म्हन." मग ती जवळ आली, माझा पदर नीट केला, माझ्या बसलेल्या गालांकडं बघितलं आणि माझ्या कानाशी लागली.

"पन एक आयक. तू आजारी दिसून राहिली. आजारी मानसाले हे लोक नव्यानं घेत नाही. टेबलापाशी गेली का सिधी उभी राय, अन् हासजो."

नियम बरोबर होता. मीच केलेला. मी पाठ ताठ केली आणि हसायची प्रॅक्टिस करत लाईनीतून पुढं सरकू लागले.